नाताळच्या फराळाचे डबे, घरातल्याच रिकाम्या खोक्यांतनं (परत मागायचे नाहीत असे)

स्टीलच्या डब्यावर नाव घालून घेतात ते कशासाठी, तर डबा फिरून घरी यावा म्हणून. आणि आलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. आता हिशोब बघा, दिवाळीत आमच्याकडं गल्लीतल्या दहा-बारा घरांतनं फराळ येतो, नाताळात आम्ही तेवढ्याच घरात पोचवतो, आणि स्टीलच्या डब्यातनं पोचवला की समोरच्या वहिनी पंचवीस तारखेलाच दुपारी घाईघाईनं शिरा करून डबा भरून परत हजर. सण आमचा आणि गॅससमोर त्या! म्हणून काही वर्षांपूर्वी मी ठरवलं की फराळ द्यायचा तो परत मागायचा नाही अशा डब्यातनंच, म्हणजे घरात रिकामे होणारे मिठाईचे बॉक्स, दूध पावडरीचे डबे, जॅमच्या बरण्या असल्यातनं. (आम्ही कोल्हापूरच्या बायका मी करतो, मी जातो असंच बोलतो, तेव्हा पुढं वाचताना गोंधळू नका.)

यात मी चुका पण भरपूर केल्यात, त्या पण सांगतो, कारण सजावटीचे व्हिडिओ ढिगानं मिळतात पण करंजीचं तूप पुठ्ठ्यातनं बाहेर झिरपतं तेव्हा काय करायचं ते कोण सांगत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की डबा आधी खाण्यासाठी आहे, चांदण्या-फिती नंतर.

दिवाळीपासनंच गोळा करा

डिसेंबरात डबे शोधायला गेलं तर काही मिळत नाही, सगळं भंगारवाल्याकडं गेलेलं असतं. दिवाळीत पेढे, बर्फी, काजूकतलीचे जेवढे बॉक्स येतात तेवढे खाल्ल्या खाल्ल्या पुसून, उघडून, सपाट करून एका पिशवीत ठेवायचे. लग्नपत्रिका पण टाकू नका, त्याचा उपयोग पुढं सांगतो. शेजारच्या काकूंना पण सांगून ठेवलंय, त्या दिवाळीनंतर स्वतःच पिशवी आणून देतात, म्हणजे त्यांच्याच घरचा बॉक्स नाताळात त्यांच्याकडंच परत जातो आणि त्यांना पत्ता पण लागत नाही.

काय ठेवायचं आणि काय नाही, इथं जरा कडक राहा.

मिठाईचा पुठ्ठ्याचा बॉक्स एक नंबर, अर्धा किलोचा सगळ्यात कामाचा. दूध पावडर, बोर्नव्हिटा, कॉफी, बिस्किटं यांचे पत्र्याचे आणि प्लास्टिकचे डबे चांगले, झाकण घट्ट बसतं म्हणून चिवडा-चकलीला हेच. जॅम-मधाच्या काचेच्या बरण्या चांगल्या. आईस्क्रीम आणि श्रीखंडाचे डबे चालतात, पण उलटे करून बुडाला तो त्रिकोण बघा, त्यात ५ किंवा २ आकडा असला तर फराळाला निवांत वापरा. १ आकडा म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, त्यात गार झालेला कोरडा पदार्थ चालतो पण गरम काही घालायचं नाही, डबा वाकडा होतो. आकडाच दिसत नसला तर त्यात बटणं ठेवा, करंज्या नको.

बुटाचं खोकं बाहेरचं मोठं खोकं म्हणून ठीक, आत सगळं स्वतंत्र बांधलेलं असलं तरच. टॉयलेट रोलच्या नळ्यांचे टॉफीसारखे बॉक्स करतात लोक, दिसतात छान, पण ती नळी कुठं ठेवलेली असते ते आठवून मला तरी त्यात खाऊ घालवत नाही. औषधांची, फिनेलची, कीटकनाशकाची खोकी, रंगाचे डबे यांचा विचारच नको. आणि कपडे धुवायच्या पावडरीचा बॉक्स तर मुळीच नको, हे मी अनुभवावरनं सांगतो. चांगला जाड पुठ्ठा बघून मोह झाला, दोन दिवस उन्हात ठेवला, आतनं कागद लावला, नानकटाया भरल्या आणि दिल्या. नणंदेचा फोन आला, “वहिनी, नानकटाई मस्त झालीय, पण जरा धुतल्यासारखी लागतीय.” अजून हसतात घरात.

धुणं, वास काढणं, लेबल काढणं

हे काम कंटाळवाणं आहे पण निम्मं यश इथंच. काच आणि प्लास्टिक भांड्याच्या साबणानं गरम पाण्यात धुवायचं. तरी वास राहिलाच तर दोन चमचे खायचा सोडा डब्यात टाकून, थोडं पाणी घालून रात्रभर ठेवायचं, सकाळी धुवून उघडाच उन्हात. लोणच्याच्या बरणीचा वास काचेला नसतो बरं का, तो झाकणाच्या आतल्या रबरासारख्या पट्टीत बसलेला असतो, तो काही केल्या जात नाही. अशा बरणीला दुसरं झाकण बसत असलं तर बघा, नाहीतर त्यात पुन्हा लोणचंच घाला. झाकण गंजलेलं असलं तर सरळ टाकून द्या.

लेबल काढायला बरणी अर्धा तास गरम पाण्यात बुडवून ठेवली की कागद सुटतो, चिकट राहतो तो गोंद. त्यावर खोबरेल तेल आणि खायचा सोडा सारख्या प्रमाणात कालवून लावायचं, दहा मिनिटांनी जुन्या स्क्रबरनं घासायचं, मग साबणानं धुवायचं. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावू नका, लवकर निघतं खरं पण वास डब्यात राहतो.

पत्र्याचा डबा धुतला की लगेच फडक्यानं पुसून उन्हात उपडा ठेवा, कडेच्या दुमडीत पाणी राहिलं की दोन दिवसांत गंज. दूध पावडरीच्या डब्याचं आतलं पातळ सील ओढून काढतो तेव्हा कडेला धारदार पट्टी राहते, ती पकडीनं आत दाबून घ्यायची, नाहीतर पहिलं बोट लहान पोराचंच कापतं. आपलं डिसेंबरचं ऊन यासाठी लई भारी, कोरडी हवा, दोन तासात सगळं खडखडीत.

पुठ्ठ्याचा बॉक्स धुता येत नाही, त्यामुळं त्याला एकच कसोटी, आत तेलातुपाचा डाग असला की बाद. डाग आपल्याला वाळलेला वाटतो पण ते तूप खवट होत असतं, आणि मुंग्यांना तर आपल्या आधी कळतं.

आधी फराळ ठरवा, मग बॉक्स

आमच्याकडं नाताळाला करंज्या, शंकरपाळ्या, चकली, शेव-चिवडा हे असतंच, दिवाळीसारखंच म्हणा ना, वर केक आणि नानकटाई. कुलकुल मी बेळगावच्या एका मावशींकडनं शिकलो, शंकरपाळ्याचंच पीठ पण काट्या-चमच्याच्या पाठीवर गुंडाळून शिंपल्यासारखं करायचं. पूर्वी सासूबाई नानकटाईचं पीठ मळून ट्रे भरून बेकरीत भाजायला न्यायच्या, रात्री नंबर लावून बसायच्या, आता घरी ओव्हन आला. इथलं वाइल्डर मेमोरियल चर्च ज्यांच्या नावानं आहे ते अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले १८५२ साली, तेव्हापासनं इथं मिशनचं काम, पण आमच्या ताटात केकशेजारी चकली कधी येऊन बसली ते कुणी लिहून ठेवलेलं मला तरी दिसलं नाही.

एका बॉक्सात काय काय घालणार ते कागदावर लिहा. केक आणि कुरकुरीत पदार्थ एका बंद डब्यात कधीच ठेवायचे नाहीत. केकमधला ओलावा शंकरपाळी, चिवडा ओढून घेतात, सकाळी केक कोरडा आणि चिवडा मऊ, दोन्ही बाजूंनी नुकसान. वासाचं पण तसंच, लसणाच्या शेवेशेजारी नानकटाई ठेवली की नानकटाईला लसूण येतो. म्हणून मी गोडाचा मिठाईचा बॉक्स वेगळा करतो, तिखटाचा घट्ट झाकणाचा डबा वेगळा, आणि केक वेगळ्या कागदात गुंडाळून वरनं देतो. दोन्ही एकत्र सुतळीनं बांधले की एकच भेट दिसते.

मिठाईच्या बॉक्सात सहा कप्पे

हे नीट सांगतो कारण यानंच बॉक्सचा सगळा थाट येतो. माझ्याकडचा अर्धा किलोचा बॉक्स आतनं साधारण २० बाय १५ सेंमी आणि ५ सेंमी खोल आहे, तुमचा वेगळा असला तर पट्टीनं मोजून त्या हिशोबानं करा.

कॉर्नफ्लेक्सच्या किंवा चहाच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा घ्या. साडेचार सेंमी रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, एक २० सेंमीची लांब आणि दोन १५ सेंमीच्या आखूड, आणि प्रत्येक पट्टी दोन-तीन मिलिमीटर कमीच कापा, नाहीतर बॉक्सात बसताना फुगते. लांब पट्टीवर ६.७ आणि १३.३ सेंमीवर खूण करून वरच्या कडेपासनं निम्म्या उंचीपर्यंत, म्हणजे सव्वादोन सेंमी, चीर द्या. आखूड पट्ट्यांना बरोबर मधोमध, ७.५ सेंमीवर, खालच्या कडेपासनं तेवढीच चीर. आता आखूड पट्ट्या लांब पट्टीच्या चिरांत वरनं खाली बसवल्या की जाळी तयार, गोंद लागतच नाही. चीर जरा रुंद ठेवा, पुठ्ठ्याच्या जाडीएवढी, सुरीची नुसती रेघ मारली तर पट्ट्या तिरक्या बसतात.

छपाईची बाजू खाण्याला लागू द्यायची नाही. म्हणून जाळी बसवल्यावर प्रत्येक कप्प्यात बटर पेपरचा १४-१५ सेंमीचा चौकोन चुरगाळून, परत उलगडून, दाबून वाटीसारखा बसवायचा. चुरगाळल्यामुळं तो कोपऱ्यात नीट बसतो, नाहीतर सारखा उसळी मारून वर येतो. नानकटाईला कपकेकचे कागदी कप पण चालतात. करंज्यांच्या कप्प्यात बटर पेपरचे दोन थर घाला. बॉक्सच्या तळाला पण एक अखंड तुकडा आधीच घालून ठेवा, कारण करंजी कितीही निथळली तरी रात्रीत तूप सोडतेच. माझा पहिल्या वर्षीचा एक बॉक्स असाच खालनं तुपानं पारदर्शक झाला होता, आणि तो नेमका फादरांच्या घरी गेला.

वर्तमानपत्राचा कागद आत घालू नका. आपल्याला भेळेची सवय आहे हे कबूल, पण शाई तेलात उतरते. वर्तमानपत्रात खायचे पदार्थ बांधू नका असं एफएसएसएआयनं (केंद्राची अन्नसुरक्षा बघणारी संस्था) २०१६ सालीच सांगितलंय आणि पॅकेजिंगच्या २०१८ च्या नियमांत तर त्याला मनाईच आहे. बॉक्सच्या बाहेर, बुटाच्या खोक्यात मोकळी जागा भरायला बोळे म्हणून वापरा की.

बॉक्स उलटा करायची एक युक्ती लोक सांगतात, म्हणजे जोड सोडवून आतली कोरी बाजू बाहेर घ्यायची, दुकानाचं नाव आत जातं. दिसायला झकास, पण मग छपाई आत येते, म्हणजे आतनं पूर्ण बटर पेपर लावणं आलंच. आणि सोनेरी चकचकीत बॉक्स उलटा केला की घडीवर वर्ख फुटतो. मला झाकणावर कापड लावणं सोपं वाटतं.

खळ आणि कापड

कागद-कापड चिकटवायला फेविकॉल आहेच, पण दहा-बारा बॉक्स करायचे तर मैद्याची खळ परवडते आणि कागदाला सुरकुती कमी पडते. दोन चमचे मैदा पाव वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, पाऊण वाटी पाणी उकळायला ठेवा, उकळी आली की बारीक गॅसवर मैद्याचं पाणी ओतून सारखं हलवत राहा, दोन-तीन मिनिटांत पारदर्शक आणि चकचकीत होतं, उतरवून चिमूटभर तुरटीची पूड घाला. गार झाली की वापरा, दोन-तीन दिवसांत संपवा. जुने बुकबाइंडर खळीत किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालायचे, तो विषारी असतो, खाण्याच्या डब्याला अजिबात नको. पत्र्यावर आणि प्लास्टिकवर खळ धरत नाही, तिथं दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप.

कापड कुठलं, तर लेडीज टेलरकडं कटिंगचे तुकडे पोत्यानं पडलेले असतात, मागितलं तर हसत देतात. लाल, हिरवे, जरीच्या काठाचे तुकडे वेचून आणा. त्याउपर लेस-फिती लागल्याच तर महाद्वार रोडला एक चक्कर मारायची, पण ठरवून जावा, नाहीतर टाकाऊतनं टिकाऊ करता करता पाचशेची खरेदी होते (झालीय).

झाकण २० बाय १५ आणि कडा ५ सेंमीची असली तर कापड ३३ बाय २८ सेंमी घ्या, म्हणजे कडा झाकून दीड सेंमी आत दुमडायला उरतं. कापडाला नाही, पुठ्ठ्याला खळ लावायची, पातळ, ब्रशनं. आधी वरचा भाग, मधनं बाहेर हात फिरवत हवा काढायची, मग लांब बाजू, मग कोपऱ्यात पुस्तकाला कव्हर घालतो तशी घडी करून आखूड बाजू. वरनं जड वह्या ठेवून रात्रभर वाळवायचं. ओलं असताना झाकण लावलं तर ते घट्ट बसतं आणि उघडताना फाटतं.

गोल डब्याला दोरा गुंडाळून घेर मोजा, त्यात दीड सेंमी मिळवा, तेवढी पट्टी कापा. झाकण फिरकीचं असलं तर वरचा एक-दीड सेंमी भाग मोकळा सोडा. बरणीच्या झाकणावर कापडाची टोपी घालायची तर झाकणाच्या व्यासात आठ सेंमी मिळवून गोल कापायचा आणि आधी रबर, त्यावर सुतळी.

स्प्रे पेंट मी एकदाच वापरला. सोनेरी डबे बघून शेजारीपाजारी खूश, पण चार दिवस वाळवून सुद्धा झाकण उघडलं की तारपीनचा वास. बाहेरनं मारला तरी थोडा आत उडतोच. सोडून दिला तो नाद.

सजावट, थोडक्यात

आता लग्नपत्रिका काढा. त्यांचा कागद जाड, सोनेरी, लाल, आणि फुकट. गणपतीचं चित्र असलेला भाग मी आधी नीट कापून बाजूला ठेवतो, त्यावर कातरी चालवत नाही, उरलेल्या कागदाच्या चांदण्या. चांदणीला बिस्किटाचा साचा ठेवून पेन्सिल फिरवायची, झालं. घंटा, मेणबत्ती, गव्हाणी पण होते, पण मला चांदणीच आवडते, घरावर लावलेल्या कंदिलाशी जुळते. सुरूची छोटी डहाळी सुतळीत खोचली की बास, अगदी देतानाच खोचा, आदल्या दिवशी नको.

चमकी नको. ती झाकणावरनं हातावर, हातावरनं करंजीवर जाते. कापसाचा बर्फ पण नको, तंतू चकलीत अडकतात, आणि कोल्हापुरात बर्फ पडायचा तो फक्त गोळ्यावर. थर्माकोलचे मणी आणि मिठाईच्या बॉक्सला बाहेरनं गुंडाळतात ती पारदर्शक प्लास्टिकची फिल्म, दोन्ही १ जुलै २०२२ पासनं देशभर बंद आहेत, त्यामुळं तो प्रश्नच मिटला.

भरणं आणि चिठ्ठी

बॉक्स सगळे २३ तारखेपर्यंत तयार, भरायचे २४ ला दुपारी, त्याच्या आधी नाही, कारण रात्री कॅरल म्हणणारी पोरं दारात आली की मग घरात कुणाचा कुणाला पत्ता नसतो. तळलेलं सगळं पूर्ण गार पाहिजे, कोऱ्या कागदावर रात्रभर निथळलेलं असलं तर उत्तमच. कोमट भरलं तर झाकणाला आतनं वाफ धरते आणि तीच खाली ठिबकते. केक रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी कापायचा, गरम कापला तर चुरा. कप्प्यांत करंज्या आडव्या न रचता उभ्या कडेवर ठेवल्या तर जास्त मावतात आणि मोडत नाहीत. कुलकुल, शंकरपाळ्या फटीत भरायला. झाकण लावून बॉक्स हळूच हलवून बघा, आतनं खडखड आली तर अजून जागा आहे, भरा.

चिठ्ठी हा भाग लोक विसरतात. प्रत्येक बॉक्सवर पत्रिकेच्या कागदाचा छोटा तुकडा, त्यावर काय काय आहे, केकमध्ये अंडं आहे का नाही, शेंगदाणे-काजू आहेत का, मनुका रममध्ये भिजवल्यात का, हे सगळं स्वच्छ लिहायचं. गल्लीत निम्मी घरं अंडं न खाणारी, त्यात मार्गशीर्षातले गुरुवार चालू असले तर मग कांदा-लसणाचं पण बघावं लागतं. मी बिनअंड्याच्या बॉक्सना हिरवी सुतळी आणि बाकीच्यांना लाल असं ठरवून टाकलंय, देताना गडबड होत नाही. एका वर्षी सुतळ्या बांधायचं पोरांवर सोडलं आणि सगळे बॉक्स पुन्हा उघडून बघावे लागले, तेव्हापासनं हे काम मी स्वतःच करतो.

पोचवताना स्कूटरच्या डिकीत बॉक्स ठेवू नका, खाली इंजिनाची गरमी असते, चॉकलेट वितळतं आणि नानकटाईचं तूप सुटतं. पुढं पाय ठेवायच्या जागेत पिशवीत उभे न करता आडवे ठेवा. पुण्या-मुंबईला ट्रॅव्हल्सनं पाठवायचं असलं तर फक्त पत्र्याचा डबा, आत मोकळी जागा बटर पेपरच्या बोळ्यांनी गच्च भरलेली, आणि तो डबा बुटाच्या खोक्यात कागदाचे बोळे घालून. करंजी पाठवू नका, चुरा पोचतो. कुलकुल आणि शंकरपाळ्या आरामात जातात.

आणि देताना तोंडानं सांगायचं, “डबा परत द्यायचा नाही हं.” मी प्रत्येक दारात सांगतो. समोरच्या वहिनी मान हलवतात, हो हो म्हणतात, आणि संक्रांतीला तोच दूध पावडरीचा डबा, माझी चांदणी अजून वर चिकटलेली, तिळाच्या वड्यांनी भरून आणून देतात. गेल्या वेळी झाकणाला त्यांनी स्वतःच्या ब्लाउजचा काठ लावून आणला होता, माझ्यापेक्षा सरळ.